चित्रकलेच्या छोट्या क्लासला गुगलवर चांगलं नाव कसं मिळतं?

एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे फॉर्म भरायची वेळ आली की पालक आम्हा शिक्षकांना हमखास विचारतात, "सर, ड्रॉइंगचा चांगला क्लास कुठं आहे?" आम्ही एखादं नाव सांगतो. पूर्वी तेवढ्यावर काम भागायचं. आता पालक उभ्या उभ्या मोबाईल काढतात आणि क्लासचं नाव गुगलवर टाकतात. ४.७ दिसलं तर खूश. काहीच दिसलं नाही तर "बघतो" म्हणतात, आणि हे 'बघतो' म्हणजे बहुतेक वेळा नाहीच असतं.

यात मार बसतो तो छोट्या, प्रामाणिक क्लासला. आपल्या मोहल्ल्यात असे क्लास पुष्कळ आहेत. एटीडी झालेली एखादी बाजी घरातल्याच खोलीत पंधरा-वीस मुलांना शिकवते. एखादे उस्ताद खत्ताती शिकवतात. एकेकाळी उर्दू अखबारात किताबत करणारे हे लोक. संगणकावर इनपेज आलं आणि कातिबांचं काम गेलं, तेव्हा यांनी शिकवणी धरली. त्यांचा विश्वास असा की हात चांगला असेल तर शागिर्द आपोआप येतात. हात चांगला असतोच, पण तो दिसतो फक्त जिना चढून वर आलेल्याला. नव्या पालकाला आधी मोबाईल दिसतो.

सुरुवात साधी आहे. गुगलवर व्यवसायाचं प्रोफाइल उघडायला एक पैसाही लागत नाही. "तुमचा क्लास गुगलवर नोंदवून देतो, इतके पैसे द्या" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. पडताळणीसाठी गुगल बऱ्याचदा व्हिडिओ मागतं. रस्ता, पाटी, आतली खोली एका दमात दाखवायची. पाटीवर जे नाव आहे तेच प्रोफाइलवर टाका. नावापुढं 'शहरातला नंबर वन बेस्ट ड्रॉइंग क्लास' असं शेपूट लावणं गुगलच्या नियमात बसत नाही, आणि शोभतही नाही. घरातच क्लास चालवणाऱ्या भगिनींनी आधी एक ठरवावं: घराचा पत्ता साऱ्या जगाला दाखवायचा आहे का? मुलं तिथं येत असतील तर पत्ता लागतोच. पण घरोघरी जाऊन शिकवत असाल तर पत्ता लपवून फक्त परिसर दाखवायची सोय आहे.

आता ताऱ्यांचा हिशेब. चार पालकांनी पाच-पाच तारे दिले आणि पाचव्यानं एक दिला, तर सरासरी ४.२ वर येते. पन्नास जणांनी पाच दिले आणि एक्कावन्नाव्यानं एक दिला, तर ती ४.९ राहते. म्हणजे छोट्या क्लासचं दुखणं वाईट रिव्ह्यू हे नाहीच, कमी रिव्ह्यू हे आहे. एका नाराज माणसाच्या हातात अख्खी अब्रू जाते.

हे कळलं की लगेच डोक्यात येते ती शॉर्टकटची वाट. खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकायची आणि एका रात्रीत चाळीस तारे गोळा करायचे. दुबईतल्या मामूंनी लिहायचं, "व्हेरी नाइस क्लास". ज्यानं क्लासचा जिनाही पाहिला नाही त्यानं साक्ष द्यायची! गुगल याला खोटा सहभाग मानतं. असे रिव्ह्यू काढून टाकले जातात, काही काळ नवे रिव्ह्यू घेणं बंद होऊ शकतं, आणि पानावर तशी सूचनाही लागू शकते. ती सूचना पालकांनी वाचली तर? त्यापेक्षा शून्य रिव्ह्यू बरे. आपल्या सरकारनंही नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोकडून ऑनलाइन रिव्ह्यूसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं. पैसे देऊन लिहून घेतलेले रिव्ह्यू चालणार नाहीत, असं ते सांगतं. मानक ऐच्छिक आहे, मान्य. पण वारा कुठल्या दिशेचा आहे ते कळतं.

"रिव्ह्यू लिहा, एका महिन्याची फी माफ" हेही त्यातलंच. ड्रॉइंग शीट फुकट देणंसुद्धा. रिव्ह्यूच्या बदल्यात काहीही देणं गुगलच्या नियमाविरुद्ध आहे. फक्त खूश पालकांनाच लिंक पाठवायची आणि बाकीच्यांना टाळायचं, हेही चालत नाही. मागायचं तर सर्वांना मागा.

मागायचं कधी, हा खरा प्रश्न. फी भरायच्या दिवशी अजिबात नको. त्या दिवशी पालकांच्या डोक्यात फक्त खर्च असतो. वर्षाअखेरीच्या छोट्याशा प्रदर्शनात, इंटरमिजिएटच्या निकालानंतर, किंवा मुलगी पहिल्यांदा नस्तालीकमध्ये स्वतःचं नाव लिहून घरी नेते त्या आठवड्यात मागा. दाराजवळ क्यूआर कोड चिकटवा, ग्रुपवर लिंक एकदाच टाका. शब्द साधे ठेवा: "आपलं मूल इथं काय शिकलं, काय कमी वाटलं, दोन ओळी लिहिल्यात तर नव्या पालकांना मदत होईल." 'पाच स्टार द्या' म्हणू नका. पालकांचा फोन हातात घेऊन स्वतः टाइप करणं तर नकोच नको.

दोन ओळी का? कारण 'बेस्ट क्लास' वाचून कुणाला काय कळणार? याउलट कुणी लिहिलं, "मुलाला स्थिरचित्रात छटा जमत नव्हत्या, तीन महिन्यांत हात बसला, पण बॅचमध्ये गर्दी असते," तर वाचणाऱ्याला क्लास डोळ्यांसमोर दिसतो. गर्दीची तक्रार असूनही, किंबहुना ती असल्यामुळंच, त्या कौतुकावर विश्वास बसतो. रिव्ह्यू मराठीत, उर्दूत, हिंदीत कसाही चालतो. इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसणाऱ्या आयांना हे आवर्जून सांगा. मात्र अनेक घरांत फोन अब्बांच्या नावावर असतो, आणि काही आयांना आपलं नाव जाहीर दिसणं नको असतं. तिथं आग्रह धरू नका. त्या शेजारणीला तोंडी जे सांगतील ते रिव्ह्यूपेक्षा कमी नाही.

आणि वाईट रिव्ह्यू आला तर? समजा एका पालकानं लिहिलं, "वर्षभर फी घेतली आणि मुलाला सी ग्रेड." उस्तादांना राग येणार, त्यात नवल काय? लगेच लिहावंसं वाटतं, "तुमचा मुलगा आठवड्यातून दोन दिवस गैरहजर असायचा." थांबा. मुलाची हजेरी, त्याचा निकाल, त्याचं नाव जाहीर पानावर आणायचा आपल्याला हक्क नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीची विशेष काळजी घेतली आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, असं उत्तर वाचणारा दुसरा पालक विचार करतो की उद्या हे माझ्या मुलाबद्दलही असंच लिहितील. म्हणून एक दिवस जाऊ द्या, मग लिहा: "निकालानं आपण नाराज आहात, हे समजतं. संकल्पचित्राचा सराव आम्ही या वर्षी वाढवत आहोत. कृपया एकदा क्लासवर या, बसून बोलू." एवढं पुरे. हे उत्तर त्या एका पालकासाठी कमी आणि पुढच्या पन्नास वाचकांसाठी जास्त असतं. पण सराव वाढवतो असं लिहिलंत तर तो खरंच वाढवा. बारा मुलांच्या खोलीत पंचवीस बसवणाऱ्या क्लासला गोड उत्तरं फार दिवस वाचवू शकत नाहीत.

काही रिव्ह्यू मात्र वेगळेच असतात. क्लासला कधीही न आलेला माणूस फक्त नाव पाहून एक तारा देतो, किंवा मजहबवरून घाण लिहितो. त्याच्याशी वाद घालू नका, ग्रुपवर फिरवून पोरांना भडकवू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, मग गुगलकडे 'रिपोर्ट' करा. द्वेषाचा मजकूर आणि अनुभवाशी संबंध नसलेला मजकूर नियमाविरुद्ध आहे. रिपोर्ट फेटाळला गेला तर एकदा अपीलही करता येतं. तरीही काही वेळा तो तारा जात नाही. अशा वेळी वरचा पन्नास विरुद्ध एक हा हिशेबच कामी येतो.

फोटोंबद्दल शेवटचं. प्रोफाइलवर फोटो हवेतच, पण मुलांचे चेहरे टाकण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या. खरं तर चेहऱ्यांची गरजच नाही. एकाच विद्यार्थ्याचं जूनमधलं चित्र आणि डिसेंबरमधलं चित्र शेजारी ठेवा, खाली महिना लिहा, नाव लिहू नका. पालक ते मोठं करून बघतात.