ऐकलेला इतिहास (लेखांक ६) : टेकू बोलायचे तेव्हा

गेल्या लेखात कापडगिरण्यांचे भोंगे ऐकले. भोंगा माणसाने माणसांसाठी वाजवलेला असतो. कोळशाच्या खाणीत मात्र कामगाराचा जीव अशा आवाजांवर अवलंबून असे, जे कुणीच वाजवत नव्हते: दगडाचे, लाकडाचे, पाण्याचे. खाणींवरच्या ध्वनिरचनांकडे सहसा श्रद्धांजली म्हणून पाहिले जाते. माझे म्हणणे याहून पुढचे आहे. खाणीच्या इतिहासात निसर्गाचा वाटा काय होता, हे अशी रचना छायाचित्रापेक्षा अधिक नेमके सांगू शकते, कारण तिथल्या अंधारात निसर्गाची ओळख कानानेच होई. अट एकच: कामगाराला जे खरोखर ऐकू येत होते, त्याच्याशी तिने इमान राखावे.

ही अट कडक आहे, आणि कॅनरी पक्ष्याचे उदाहरण घेतले की ती पटते. १८९६ साली वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट होऊन ५७ माणसे दगावली. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने तपासणी करून दाखवले की, बहुतेकांचा बळी स्फोटाने नव्हे, तर मागाहून पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने घेतला होता. या वायूला वास नाही, रंग नाही. लहान प्राण्याला त्याची बाधा माणसाच्या आधी होते, म्हणून हॉल्डेनने उंदीर आणि कॅनरी वापरण्याचा सल्ला दिला. ब्रिटनमध्ये हा पक्षी १९८६ साली निवृत्त होईपर्यंत खाणीत जात राहिला. पण त्याचा इशारा मुख्यतः डोळ्यांसाठी होता: तो डळमळायचा, दांडीवरून खाली पडायचा. त्याचे गाणे थांबवून खाण सुचवणे हा रचनाकाराला सोपा पडणारा मार्ग आहे. पुरावा म्हणून तो कच्चा आहे.

लाकडाचे तसे नाही. छताला दिलेला लाकडी टेकू भार वाढला की आधी बारीक कुरकुरतो, मग त्याचे तंतू एकेक करून तडकू लागतात, आणि छत कोसळण्यापूर्वी पळायला थोडा अवधी मिळतो. लोखंडी टेकू असा भरवशाचा इशारा देत नाही, म्हणून लोखंड आल्यावरही अनेक जुने कामगार लाकडालाच धरून राहिले. छताची परीक्षाही आवाजानेच होई. कामगार एका हाताने छतावर ठोकायचा आणि दुसऱ्या हाताची बोटे दगडाला लावून ठेवायचा. पक्का दगड खणखणीत वाजे. सुटत आलेला थर पोकळ, बद्द आवाज देई आणि बोटांना थरथर जाणवे. या टेकूंमागे सबंध जंगले उभी होती. ब्रिटनच्या खाणींना स्कँडिनेव्हिया, बाल्टिक किनारा आणि फ्रान्समधून लाकूड येई. पहिल्या महायुद्धात हा पुरवठा रोडावला, आणि लाकडाच्या त्या टंचाईतूनच १९१९ साली तिथे सरकारी वनखाते उभे राहिले. कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या अरण्याचा कोळसा काढण्यासाठी आजचे अरण्य तोडून खाली उतरवले जात होते. टेकूच्या कुरकुरीत हा सगळा व्यवहार ऐकू येतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. निसर्गाला असे पुढे आणले की खाणमालकांचा दोष झाकला जातो. माणसे दगडाने नव्हे, काटकसरीने मारली. आक्षेपातले तथ्य मला मान्य आहे. अमेरिकेतल्या अनेक कोळसा खाणींत मजुरी काढलेल्या कोळशावर ठरे आणि टेकू लावण्याच्या वेळेचे वेगळे पैसे मिळत नसत. म्हणजे छत ऐकण्यात घालवलेला वेळ कामगाराच्याच खिशातून जाई. पण म्हणूनच निसर्ग आणि मालकी यांची फारकत करता येत नाही. ज्युलिया वुल्फ यांची ‘अँथ्रासाइट फील्ड्स’ ही २०१४ची रचना पाहा. तिला पुढच्या वर्षी संगीताचे पुलित्झर मिळाले. पेनसिल्व्हेनियातल्या १८६९ ते १९१६ च्या खाण-अपघातांच्या सूचीतल्या जॉन नावाच्या अनेक माणसांची नावे गायकवृंद एकेक करून उच्चारतो, आणि त्याच भागात कोळसा कसा घडला याचे भूशास्त्रीय वर्णनही गायले जाते. नावे आणि भूस्तर एकाच श्वासात येतात. निसर्ग इथे सबब म्हणून येत नाही, तो घटनेचा भाग आहे.

दुसरा आक्षेप असा की सभागृहातला आवाज घडवलेला असतो, तो पुरावा कसा? रचना स्वतः दस्तऐवज नाही, हे खरे. पण ती ज्या ऐकण्याकडे बोट दाखवते, ते ऐकणे वास्तव होते. १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेच्या खाण विभागातले ओबर्ट आणि डुवॉल खडकातले सूक्ष्म आवाज यंत्राने टिपू लागले. दाबाखालचा खडक तुटण्याआधी आवाज करतो, हे त्यांनी मोजून दाखवले. कामगारांच्या कानाला ते आधीच ठाऊक होते.

आपल्याकडे चंद्रपूर-बल्लारपूर पट्ट्यातल्या भूमिगत खाणींत उमेदीची वर्षे घालवलेली माणसे आज निवृत्त आहेत. छत कोसळण्याआधी कसे वाजते, हे ती सांगू शकतात. तुमच्या घरात किंवा शेजारी असे कुणी असेल, तर त्यांना हा एक प्रश्न विचारा आणि उत्तर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा.