मेंदूतली गुंतवळ आणि घराण्यातला घोळणा

मघाशी एका ताईंची चिठ्ठी आली. भावाच्या मेंदूत रक्तवाहिन्यांची गुंतवळ निघाली आहे, भाचीचं लग्न ठरतंय, हे घराण्यात असतं का? ताई, आधी रिपोर्टात नाव कोणतं आहे ते बघा. सगळं उत्तर त्यात आहे.

‘एव्हीएम’ लिहिलं असेल तर ऐका. आपण श्रीरामपूरकर म्हणजे पाटपाण्यावरची माणसं. भंडारदऱ्याचं पाणी कालव्यातून चारीत, चारीतून सरीत येईपर्यंत त्याचा जोर मोडलेला असतो. मेंदूत हेच काम केशवाहिन्या करतात. एव्हीएममध्ये नेमक्या त्याच नसतात. धमनीचं रक्त थेट शिरेत घुसतं, आणि शिरेची भिंत काही त्या दाबासाठी बनलेली नसते.

पण हा आजार बहुतेकदा वारशाने येत नाही. २०१८ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या अशा गुंतवळी तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिकांत केआरएएस या जनुकात बदल सापडला. ज्यांचं रक्तही तपासलं, त्यांच्या रक्तात मात्र तो नव्हता. म्हणजे बिघाड तेवढ्याच जागच्या पेशींतला. आईबापांकडून आलेला नाही, मुलांकडे जाणारा नाही. असं असताना लग्न मोडणं म्हणजे नसता अन्याय.

‘कॅव्हर्नोमा’ असेल, तर किती आहेत ते मोजा. एकच असेल तर बहुधा घराण्याचा संबंध नसतो. अनेक असतील किंवा नात्यात आणखी कुणाला असेल, तर सीसीएम १, २, ३ या जनुकांची तपासणी विचारा. तिथे प्रत्येक अपत्याला बदल मिळण्याची शक्यता निम्मी. मिळाला तरी कित्येकांना आयुष्यभर त्रास होत नाही, हेही लक्षात ठेवा.

आता मला खरी काळजी वाटते ती तिसऱ्याची, एचएचटीची. साधारण पाच हजारांत एकाला. आजीचा घोळणा फुटायचा, बापाचा फुटतो, पोराचाही फुटतो. आपण म्हणतो, उष्णता आहे, कांदा हुंगवा! एरवी घोळणा साधाच असतो हो. पण पिढ्यान् पिढ्या, वारंवार, आणि ओठांवर, जिभेवर, बोटांवर बारीक लाल ठिपके असतील तर डॉक्टरांना हे दोन्ही एकत्र सांगा. अशा साधारण दहातल्या एकाच्या मेंदूत एव्हीएम असतं, फुफ्फुसात तर त्याहून जास्त जणांच्या. सापडलं तर फुटण्याआधी इलाज करता येतो.

तर ताई, भावाचा रिपोर्ट काढा. आणि आई असतील तर त्यांना विचारा, घरात घोळणा कुणाकुणाचा फुटायचा.