दार नसलेली डबी

शनिशिंगणापूर तुम्हाला ठाऊक असेलच. अहिल्यानगर (म्हणजे पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यातलं हे गाव. शनिदेवाची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर, डोक्यावर छप्पर नाही. आणि गावातल्या घरांच्या चौकटींना दारं नाहीत! २०११ साली यूको बँकेने इथे शाखा उघडली, तेव्हा ‘कुलूप नसलेली बँक’ म्हणून तिचं केवढं कौतुक झालं. गंमत म्हणजे तिच्या काचेच्या दाराला विजेवर चालणारं चुंबकी कुलूप होतं, फक्त चटकन दिसू नये असं बसवलेलं. हे वीज आणि चुंबकाचं नातं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गेल्या पावसाळ्यात मी आणि माझा भाचा मोटारसायकलवरून तिकडे निघालो होतो. शनी अमावास्या, रस्त्याला ही गर्दी! घोडेगावच्या फाट्यावर गाडी फुटफुटली आणि बंद. किका मारून भाचा घामाघूम. शेजारचे रसवंतीवाले म्हणाले, “साडेसाती लागली बघा गाडीला!” जवळच्या गॅरेजातल्या पोराने प्लग काढून पाहिला. ठिणगी नाही. नवा प्लग लावला, तरी नाही. त्याने निकाल दिला, “डबी गेली. सहा हजार तरी लागतील.”

भाच्याचा चेहरा उतरला. त्याच्या खिशात होस्टेलच्या फीचे पैसे होते, तेवढेच.

ही डबी म्हणजे काय? सीटखाली किंवा टाकीखाली साबणाच्या वडीएवढी काळी पेटी असते, तीच. इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि नेमक्या क्षणी ठिणगी पडते. हा ‘नेमका क्षण’ साधणं सोपं नाही, बरं का! इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेतं तेव्हा सेकंदाला १०० फेरे होतात, म्हणजे एक फेरा सेकंदाच्या शंभराव्या भागात. त्या फेऱ्याचे ३६० अंश पाडले, तर एका अंशाला सेकंदाचा छत्तीस हजारावा भाग मिळतो. शिवाय मिश्रण जळायला थोडा वेळ लागतो, म्हणून वेग वाढला की ठिणगी जास्त आधी टाकावी लागते.

राजदूतसारख्या जुन्या गाड्यांत हे काम ‘पॉइंट’ करायचे. दोन धातूचे तुकडे, उघडायचे-मिटायचे. ते काजळले की पॉलिश पेपरने घासायचे. तुमच्या बाबांना किंवा आजोबांना विचारा, त्यांनी घासले असतील. मग आली सीडीआय डबी. तिच्यात एक कपॅसिटर असतो. विजेचा छोटा हौदच म्हणा. तो दोन-तीनशे व्होल्टपर्यंत भरतो, थायरिस्टर नावाचं फाटक उघडतं आणि सगळी वीज एका दमात इग्निशन कॉइलमध्ये ओतली जाते. कॉइल तिचे हजारो व्होल्ट करते, की प्लगवर तडाक्!

पण फाटक कधी उघडायचं, हे डबीला सांगतं कोण? बँकेच्या कुलपात वीज सोडली की लोखंडाचं चुंबक होतं. इथे उलटा खेळ. मॅग्नेटोचं चाक फिरताना त्यावरचा उंचवटा एका छोट्या पिकअप कॉइलसमोरून जातो, चुंबकाचा जोर बदलतो आणि कॉइलमध्ये विजेची बारीक लहर उठते. तीच खबर.

पुढे डबीत संगणकाची चिप आली. पुण्याच्या बजाज कंपनीने २००३ साली पल्सरला दोन प्लगचं इंजिन दिलं, तेव्हा ठिणगीची वेळ चिपच ठरवू लागली. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक मोटारसायकलींतून कार्ब्युरेटरही गेला. आता पेट्रोल किती फवारायचं तेही डबीच बघते. तिला म्हणतात ईसीयू. हवेचा दाब, इंजिनाची उष्णता, धुरातला ऑक्सिजन अशा खबरा घेऊन तिचा हिशेब अखंड चालू असतो.

अशी डबी बिघडते कशाने? एक तर उष्णतेने. गाडी तापते तेव्हा आतली पट्टी आणि सुटे भाग फुगतात, पण सारखे नाही. रोज तापणं-निवणं, त्यात खड्ड्यांचे हादरे! शेवटी डाखणाच्या टाक्याला केसाएवढी चीर जाते. म्हणून तर अशी गाडी थंड असताना चालते आणि तापली की बंद पडते. दुसरं म्हणजे जादा व्होल्टेज. रेग्युलेटर बिघडला, चालू गाडीत बॅटरीची वायर काढली किंवा बॅटरी उलटी जोडली, की चिप क्षणात जळते. कॅरिअरला वेल्डिंग करतानाही डबीची जोडणी काढून ठेवावी. आणि एकदा जळली की संपलं, कारण कित्येक डब्यांत आत राळ ओतून सगळं घट्ट केलेलं असतं. शिंगणापूरच्या घरांनाही दार नाही आणि हिलाही नाही; पण ती घरं सदा उघडी आणि ही कायमची बंद!

आमच्या गाडीचं काय झालं? फाट्यावरच एक वयस्कर फिटर भेटले. ते म्हणाले, “ठिणगी नाही म्हणजे डबीच मेली कशावरून? तिला खबर तरी पोचते का?” त्यांनी मीटर घेतलं आणि पिकअप कॉइलच्या तोंडाशीच लावलं. कॉइल ठणठणीत. मग त्याच वायरीचं डबीकडचं टोक तपासलं. काहीच नाही! वाट मध्येच तुटली होती. त्यांनी मधला कनेक्टर ओढून उघडला, तर आत पाणी आणि पितळी पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर.

“गाडी धुतली होती काय रे?” काकांनी विचारलं.

आदल्याच दिवशी भाच्याने वॉशिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्याने गाडी चकाचक करून घेतली होती. गंज जुनाच असणार, पाण्याने शेवटचा घाव घातला.

काकांनी पिना घासल्या, फुंकून कोरड्या केल्या, कनेक्टर दाबून बसवला. भाच्याने बटण दाबलं आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू! किती द्यायचे विचारलं तर म्हणाले, “पन्नास द्या.” होस्टेलची फी खिशातच राहिली. मग भाच्याने रसवंतीवर सगळ्यांना रस पाजला, ‘साडेसाती’ म्हणणाऱ्या काकांनासुद्धा.