इंग्रजीतील गुन्हे व न्यायविषयक शब्दसंपदा

इंग्रजी भाषेतील गुन्हे, पोलीस व न्यायव्यवहार यांविषयीची शब्दसंपदा अनेक भाषांच्या संपर्कातून घडलेली आहे. व्यवहारात समानार्थी वाटणाऱ्या यांतील अनेक शब्दांना कायद्यात निरनिराळे अर्थ आहेत. त्या अर्थभेदावर आरोपाचे स्वरूप आणि व्यक्तीची प्रतिष्ठा अवलंबून असते.

उगम

‘थीफ’ व ‘थेफ्ट’ हे शब्द प्राचीन इंग्रजीतील असून ‘लॉ’ हा शब्द इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून आला. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच ही राज्यकर्त्यांची व पुढे न्यायालयांचीही भाषा बनली. ‘जज’, ‘ज्युरी’, ‘प्रिझन’, ‘रॉबरी’ हे शब्द फ्रेंचमधून आले. ‘अ‍ॅलिबाय’ हा मूळचा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ ‘अन्यत्र’ असा आहे. गुन्ह्याच्या वेळी आपण दुसरीकडे होतो, या बचावास तो लावतात. फ्रेंच भाषा सामान्यजनांना समजत नसल्यामुळे १३६२ च्या कायद्याने न्यायालयात इंग्रजीतून बाजू मांडण्याची तरतूद केली. लॅटिन नोंदींची प्रथा मात्र १७३३ पर्यंत टिकली.

अर्थभेद

इंग्लंड व वेल्स येथील १९६८ च्या चोरीविषयक कायद्यानुसार दुसऱ्याची वस्तू कायमची बळकावण्याच्या हेतूने अप्रामाणिकपणे घेणे म्हणजे ‘थेफ्ट’. चोरीसाठी बळ वापरल्यास किंवा त्याची भीती घातल्यास ती ‘रॉबरी’ ठरते. चोरीच्या हेतूने इमारतीत अनधिकृत प्रवेश करणे ही ‘बर्गलरी’ होय. तेथे प्रत्यक्ष काही चोरीस गेलेच पाहिजे असे नाही. मराठीत या शब्दांसाठी अनुक्रमे चोरी, जबरी चोरी व घरफोडी हे शब्द रूढ आहेत.

‘डकॉइटी’ हा शब्द उलट दिशेने, भारतीय भाषांतून इंग्रजीत गेला. १८६० च्या भारतीय दंड संहितेने पाच किंवा अधिक व्यक्तींनी मिळून केलेल्या जबरी चोरीस हे नाव दिले. मराठीत त्यास दरोडा म्हणतात.

व्यक्तिवाचक शब्द

‘सस्पेक्ट’ म्हणजे संशयित, ‘अक्यूज्ड’ म्हणजे आरोपी आणि ‘कन्व्हिक्ट’ म्हणजे न्यायालयाने दोषी ठरविलेली व्यक्ती. दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष मानला जातो. त्यामुळे ‘अक्यूज्ड’ या शब्दाचे मराठी भाषांतर ‘गुन्हेगार’ असे करणे चुकीचे असून, निकालापूर्वीच त्या व्यक्तीस दोषी ठरविण्यासारखे आहे.