पायथॉनमध्ये १८ अधिक १७ बरोबर १८१७ कसे होतात?



पायथॉन शिकायला लागलं की एका जागी आपण हमखास अडखळतो. मीही अडखळले. दोन चाचण्यांच्या गुणांची बेरीज करणारा छोटासा प्रोग्राम लिहिला, १८ आणि १७ टाकले, तर उत्तर आलं १८१७! प्रोग्राम तर बरोबर दिसत होता. मग चुकलं कुठे?

पहिलीच्या वर्गात आपण काय करतो ते आठवा. १८ काड्या आणि १७ काड्या एकत्र केल्या की ३५ होतात. पण १८ आणि १७ ही अंककार्डं शेजारी ठेवली तर १८१७ दिसतं. पायथॉनचंही तसंच आहे. इंट म्हणजे काड्या, मोजता येणारी संख्या. स्ट्रिंग म्हणजे कार्ड, नुसती अक्षरं. माहितीच्या या प्रकारालाच डेटा टाईप म्हणतात.

आता हे फंक्शन पाहा. (संगणकावर आज्ञा आणि आकडे इंग्रजीत टाईप करा.)

डेफ बेरीज(अ, ब):
    रिटर्न अ + ब

फंक्शन एकच, पण प्रकार बदलला की वागणं बदलतं:

बेरीज(१८, १७) → ३५
बेरीज("१८", "१७") → "१८१७"
बेरीज([१८], [१७]) → [१८, १७]
बेरीज(१८, "१७") → टाईप एरर

शेवटच्या ओळीत काडी आणि कार्ड एकत्र आले. काय करायचं ते पायथॉन मनाने ठरवत नाही, सरळ थांबतो.

एरर आली की आपण घाबरतो. पण खरी भीती एरर न येण्याची आहे. गुणांची यादी ["९", "३५", "१८"] अशी असेल तर सम() एरर देतं. मॅक्स() मात्र गुपचूप "९" हे उत्तर देतं! कारण स्ट्रिंगची तुलना शब्दकोशासारखी पहिल्या अक्षरापासून होते, आणि ९ हे ३ च्या नंतर येतं. म्हणजे सर्वांत कमी गुणांचं मूल पहिलं आलं, आणि संगणकाने चकार शब्द काढला नाही. निकालपत्रकात असं झालं तर?

उपाय सोपा आहे. इनपुट() नेहमी स्ट्रिंगच देतं, आपण आकडा टाईप केला तरीही. म्हणून घेतानाच बदलून घ्या:

गुण = इंट(इनपुट("गुण लिहा: "))

गुण १८.५ असे असतील तर इंट() ऐवजी फ्लोट() वापरा. कुणी "गैरहजर" असं लिहिलं तर व्हॅल्यू एरर येईल. येऊ द्या, ती आपल्याला सावध करते. आणि एक गंमत सांगू? इनपुटमध्ये देवनागरी १८ टाईप केलं तरी इंट() त्याची बरोबर संख्या करतं!

शंका आली की टाईप(गुण) हे प्रिंट करून पाहा. प्रकार लगेच कळतो.

आता तुमचा स्वाध्याय. आधी उत्तर वहीत लिहा, मगच चालवून बघा:

१) "५" * ३
२) लेन("१८१७")
३) लेन(१८१७)

तिन्हींपैकी एकात एरर येईल. कोणत्या, आणि का? त्यातलं "का" सांगता आलं, तर आजचा धडा समजला.