न दुखणाऱ्या पायाची गोष्ट

मी डॉक्टर नाही, भाषातज्ज्ञही नाही. पतसंस्थेत कारकुनी करता करता सातारा-सांगलीकडचे बोलीतले शब्द वहीत टिपायची सवय लागली, एवढेच. त्या वहीतली पायाच्या दुखण्यांची दोन पाने पुढे पन्नास कशी झाली, ते सांगतो.

बारा वर्षांपूर्वी वाळवा तालुक्यातल्या आमच्या रानात उसाला पाणी पाजून अण्णा, म्हणजे माझे वडील, घरी आले. वय सत्तरीपार, साखरेचा आजार पंधरा वर्षांचा. ओसरीवर उमटलेले लाल ठसे आधी आईला दिसले. तळव्यात बाभळीचा काटा मोडून बसला होता.

“अण्णा, दुखत नव्हतं का?”

“दुखलं असतं तर काढला नसता व्हय?”

काटा किती दिवसांचा होता, हे कुणालाच सांगता येईना. महिनाभरात मिरजेत त्यांची दोन बोटे काढावी लागली. त्यांचे ते उत्तर मात्र माझ्या डोक्यातून गेले नाही.

कृष्णाकाठी पायाच्या तक्रारींना शब्दांची ददात नाही. टाचेला भेगा, बोटांच्या बेचक्यात चिखल्या, तळव्याला कुरूप, चपलेच्या घासण्याने घट्टा, नखाच्या कडेला नखुर्डे. ही परंपरा जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात तेराव्या अध्यायात क्षुद्ररोगांची यादी येते. त्यात भेगांना पाददारी, कुरपाला कदर आणि चिखल्यांना अलस म्हटले आहे. कदर खड्याने किंवा काट्याने होते आणि अलस दूषित चिखलाच्या स्पर्शाने, अशी कारणेही दिली आहेत. आमच्या पाणी पाजणाऱ्या माणसाने ‘चिखल्या’ म्हणताना हेच कारण शब्दात बांधले. हा शब्द पाहून मी हरखलो होतो.

मग लक्षात आले, की हे सगळे शब्द दुखणाऱ्या, खाजणाऱ्या, ठसठसणाऱ्या गोष्टींचे आहेत. जे दुखायचेच थांबते, त्याला बोलीत नाव नाही. म्हातारी माणसे ते आडवळणाने सांगतात. “पायाखाली कापूस हाय असं वाटतंय.” “चप्पल निसटली तरी कळत न्हाई.” “रात्री मुंग्या येत्यात, आता त्याबी थांबल्या.” हे शेवटचे वाक्य घरच्यांना सुधारणेसारखे वाटते. पुष्कळदा ते उलटे असते.

शरीरातल्या सर्वांत लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून मधुमेहात आधी त्याच थकतात. घाम आणणाऱ्या नसाही मंदावतात, कातडी कोरडी पडते, भेगा खोल जातात. त्यातच रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर जखम भरत नाही. ब जीवनसत्त्वांपैकी बी-12 ची कमतरता, दारू आणि कुष्ठरोग यांनीही पाय बधिर होतात.

कुष्ठरोगाचा उल्लेख मुद्दाम केला. बधिर पायाचे शास्त्र जगाला बरेचसे या रोगानेच शिकवले, आणि तेही आपल्या देशात. डॉ. पॉल ब्रँड 1946 मध्ये वेल्लोरला आले. कुष्ठरोग्याची बोटे रोगाने ‘झडतात’ असा तेव्हा समज होता. त्या पायांचे मांस सडके नसून इतरांसारखेच आहे, फक्त वेदना नसल्याने माणूस त्याच जागेवर भार टाकत चालत राहतो आणि जखम वाढते, हे ब्रँड यांनी दाखवून दिले. म्हणून त्यांनी औषधाइतकाच पादत्राणांवर भर दिला. बारीक छिद्रांच्या मऊ रबराचा, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराचा तळ पुढे कुष्ठरोग्यांच्या आणि मग मधुमेहींच्याही चपलांत आला. ज्या मिरजेत 1894 साली डॉ. वॉनलेस यांनी रुग्णालय उभारले, तिथे कुष्ठरोग्यांसाठीही वेगळे रुग्णालय आहे. म्हणजे हे ज्ञान आमच्या दारात होते, फक्त आम्ही ते आपले मानले नाही. ‘तो रोग’ दुसऱ्यांचा, ही समजूत आम्हाला दोन बोटांना पडली.

पाय बधिर झाला आहे का, हे घरीही ताडता येते. इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी बसवलेली ही पद्धत आहे. आजोबांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी, अशा सहा टोकांना आपल्या तर्जनीने अलगद, एक-दोन सेकंद स्पर्श करा. दाबू नका, गुदगुल्या करू नका. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही, तर पाय डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे.

आता आपल्या सवयींकडे. पायाला तेल लावणे चरकाने आणि वाग्भटानेही सांगितले आहे. कोरड्या टाचेला कोकमतेल किंवा खोबरेल चांगलेच. पण बोटांच्या बेचक्यात तेल नको, तिथली ओल टिपून कोरडी ठेवायची. काशाची वाटी हलक्या हाताने, आणि जखम असेल तर मुळीच नाही. वज्रीने भेगा खरवडणे, ब्लेडने कुरूप तासणे, त्यावर ‘कॉर्न कॅप’ चिकटवणे, शेकायला गरम पाण्यात पाय सोडणे, हे चारही बधिर पायाला घातक. ज्या पायाला काटा कळत नाही त्याला चटका कसा कळणार? पाणी कोपराने, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या हाताने तपासावे. नखे आडवी सरळ कापावीत, कोपरे कोरू नयेत.

वहाणेचा प्रश्न नाजूक आहे. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सोलापूरबरोबर सातारा, सांगलीही आहेत, त्यामुळे तिच्याविषयी वाकडे बोलणे जिवावर येते. पण तिचा कडक तळ आणि अंगठा बधिर पायाला सोसत नाहीत. मऊ तळाची, मागे पट्टा असलेली, बोटांना ऐसपैस जागा देणारी चप्पल हवी. ती घालण्याआधी उपडी करून झटकावी. अण्णा जन्मभर अनवाणी वारीला गेले. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड हा माउलींचा रस्ता त्यांच्या तळव्यांना पाठ होता. बोटे गेल्यावर त्यांनी चप्पल घालून वारी केली. “इठ्ठल काय माझ्या पायाकडं बघतोय?” म्हणाले.

विठ्ठल बघत नसेल, पण घरच्यांनी बघायला हवे. आमच्या घरात रोज रात्री जेवणानंतर मी अण्णांचे तळवे, बेचके, टाचा बॅटरीच्या उजेडात बघत असे. पहिल्यांदा त्यांना संकोच वाटला. “लेकानं पाय धरायचे ते पाया पडताना,” म्हणाले. आठवड्याने स्वतःच पाय पुढे करू लागले. त्यानंतर सात वर्षे ते जगले आणि एकही नवी जखम आमच्या नजरेतून सुटली नाही.

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानाआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना तेल लावताना हात खांद्यांवर थांबवू नका. खाली बसा, तळवा उजेडाकडे वळवा आणि प्रत्येक बोटाची बेचकी उघडून बघा. काही दिसले तर दिवाळी संपायची वाट बघू नका.