गिळलेल्या डोंगरांचे धक्के

अर्जेंटिनातला सान हुआन प्रांत अँडीजच्या पूर्वेला, समुद्रापासून बराच आत आहे. तरीही त्याच्याखाली सुमारे १०० किलोमीटर खोलीवर भूकंपांची दाटी आहे. या भूकंपांच्या नाभी नकाशावर मांडल्या की एक पट्टा उमटतो. तो पश्चिमेकडे वाढवत नेला, तर चिलीच्या किनाऱ्यापलीकडच्या हुआन फर्नांडेझ या सागरी डोंगररांगेला जाऊन मिळतो. याच रांगेतल्या एका बेटावर अलेक्झांडर सेलकर्क हा खलाशी १७०४ ते १७०९ एकटा राहिला. रॉबिन्सन क्रूसो त्याच्यावरून सुचला असं मानतात. रांगेचा पूर्वेकडचा भाग मात्र नाझ्का भूपट्टाबरोबर दक्षिण अमेरिकेच्या पोटात केव्हाच गेला आहे.

खोल भूकंपांच्या अभ्यासात मला हा पट्टा फार मोलाचा वाटतो. काही भूकंप शेकडो किलोमीटर खोल होतात, हे जपानच्या कियो वादाती यांनी १९२८ च्या सुमारास दाखवून दिलं. तेव्हापासून एक पेच आहे : एवढ्या दाबाखाली खडक तुटतो कसा? १०० किलोमीटरवर दाब हवेच्या ३०,००० पट असतो. भेगेच्या दोन्ही बाजू इतक्या आवळलेल्या असतात की त्या घसरणं अशक्यच वाटावं.

वाट करून देतं ते पाणी. सागरी गर्तेत शिरण्याआधी भूपट्ट वाकतो, पाठीवर भ्रंश उघडतात आणि समुद्राचं पाणी खाली मुरतं. त्यानं खडकातल्या ऑलिव्हिन या खनिजाचं सर्पेंटाइन होतं. सर्पेंटाइनच्या वजनात सुमारे १३ टक्के पाणीच असतं. अशा सागरी डोंगररांगा घडवणाऱ्या ज्वालामुखींनी आधीच भेगाळलेला तळ असं पाणी अधिक घेऊन जात असावा. खोल गेल्यावर खनिज तापतं, पाणी सुटतं, फटींतला दाब वाढतो आणि आवळलेला भ्रंश निसटतो. जिथे डोंगर बुडाले तिथेच धक्के का एकवटतात, याचं सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण हेच.

आणखी खाली, ४०० किलोमीटरच्या पुढे, वाद सुरू होतो. टोंगा-फिजी पट्ट्यात जगातले सुमारे दोन-तृतीयांश अतिखोल भूकंप होतात. १९ ऑगस्ट २०१८ चा ८.२ क्षमतेचा भूकंप तिथलाच, जवळपास ६०० किलोमीटर खोल. टोंगाच्या गर्तेत लुईव्हिल ही ४,००० किलोमीटरहून लांब डोंगररांग शिरते आहे खरी. पण तिथला भूपट्ट जुना, थंड आणि वेगानं उतरणारा आहे. अशा थंड गाभ्यात दाबामुळे ऑलिव्हिनचं अधिक घट्ट खनिजात होणारं रूपांतर रखडतं, आणि मग ते एकदम घडताना खडक फुटतो, असं अनेक अभ्यासक मानतात. बुडालेल्या डोंगरांचा वाटा यात किती, हे ठरायचं आहे.

भूकंपांच्या प्रत्येक झुंडीखाली बुडालेला डोंगर शोधणंही घाईचं. २६ ऑक्टोबर २०१५ ला दिल्ली हादरवणारा हिंदुकुशचा ७.५ क्षमतेचा भूकंप २०० किलोमीटरहून खोल होता, आणि त्याच टापूत असे भूकंप सतत होतात. तिथे खाली लोंबणारा भूपट्ट स्वतःच्याच वजनानं ताणला जाऊन बारीक होतो आहे, तुटायला आला आहे, असा भूकंपनोंदींचा अर्थ लावला जातो. ताण एवढ्याशा जागेत एकवटला की डोंगर गिळलेला नसतानाही जमीन तिथेच पुन्हापुन्हा हादरते.